आमच्या गाडीचा चातुर्मास

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आमच्या दारात जी मंडळी जमत, ती सोने द्यायला जमतात असा आमच्या आईचा अनेक वर्षे समज होता. वस्तुस्थिती निराळी होती. सोने संध्याकाळी देतात. सकाळी मंडळी जमत ती आमची गाडी यंदा चालू होते की नाही, हे पाहायला!

झेंडूची माळ घातलेली, कपाळी हळदकुंकू ल्यालेली आमची १९६७ सालची फियाट नव्या नवरीसारखी उभी असे. अण्णा आत बसत, चावी फिरवीत, चोक ओढीत आणि सेल्फ मारीत. गाडी ‘खर्रर्र’ करी. पुन्हा ‘खर्रर्र’. तिसऱ्या वेळी ‘खर्र’. चौथ्या वेळी नुसतेच ‘टक्’. मग जमलेल्यांपैकी एकजण हमखास म्हणे, “बॅटरी गेली, डॉक्टर.” दुसरा म्हणे, “धक्का देऊ या.” आणि नव्या कपड्यांतली मंडळी गाडीला उतारापर्यंत ढकलत नेत. सीमोल्लंघन म्हणतात ते आमच्याकडे असे होई.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, निदान एखाद्या काकांच्या किंवा मामांच्या घरी, अशी एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली झोपलेली असेल. ती विकवत नाही आणि रोज चालवता येत नाही. महिनोन्‌महिने उभी राहते आणि नेमक्या सणाच्या दिवशी रुसते. हा रुसवा निघतो कसा, हे मला उशिरा कळले. ज्या वर्षी कळले, त्या वर्षी गाडी जवळजवळ घराबाहेर गेलीच होती. ती हकीकत सांगतो. तिच्या ओघात उपायही येतील.

गाडी आणि गाव

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पोलादपूरला दवाखाना चालवीत. त्यांनी ही गाडी मुंबईच्या एका गृहस्थांकडून १९८४ साली जुनीच घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, म्हणून नाव ‘अकराशे’. हिचीच धाकटी बहीण पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने लाखो लोकांना बोरीबंदरापासून घरी पोचवले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून मुंबईचा निरोप घेतला.

आमच्या फियाटने मात्र टॅक्सीहून जड कामे केली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतून अडलेल्या बाळंतिणी, विंचू चावलेली पोरे, झाडावरून पडलेले गडी असे सारे मागल्या सीटवर घालून अण्णा रात्री-अपरात्री महाड गाठीत. त्या काळात ती रोज चालत असे आणि रोज चालत असल्यामुळे चालू होण्याचा प्रश्नच कधी येत नसे. अण्णांनी दवाखाना बंद केला, आम्ही महाडला राहायला आलो, मी तिथल्या महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो आणि घरात दुसरी, नवी गाडी आली. तेव्हापासून फियाटला विश्रांती मिळाली. तिचे दुखणे सुरू झाले ते या विश्रांतीपासूनच.

त्यातून आमच्याकडला पाऊस! महाड-पोलादपूर भागात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या सुमारे चौपट. भिंतींना बुरशी, पुस्तकांना बुरशी, कपाटातल्या चपलांनाही बुरशी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हापासून पावसाळ्यात फियाट बाहेर काढण्याचे नाव घरात कोणी काढले नाही. आषाढी एकादशीला देव झोपतात, त्या सुमारास गाडीवरही पांघरूण पडे. देव कार्तिकीला उठतात, गाडीला मात्र दसऱ्यालाच उठवायचे. चातुर्मास अर्धवट मोडल्याने ती रागावत असावी, असे आमची सौभाग्यवती म्हणे.

पुराचे वर्ष

२०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला होती. आदल्या रविवारीच आम्ही गाडी झाकून ठेवली होती. एकादशीनंतर दोन दिवसांनी, २२ जुलैला, सावित्री आणि गांधारी दोघी गावात शिरल्या. महाडची त्या दिवसाची कहाणी आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. त्या दुःखापुढे मोटारीचे दुःख ते काय! पाणी ओसरले तेव्हा फियाटच्या सीटवर चार बोटे गाळ होता. आम्ही माणसे माडीवर होतो, म्हणून वाचलो.

आमचे पोलादपूरचे जुने मेस्त्री तिसऱ्या दिवशी चिखल तुडवीत आले. आल्या आल्या त्यांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे माझ्या हातातली चावी काढून घेतली.

“सर, बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना सेल्फ मारलात, तर कनेक्टिंग रॉडच वाकेल.”

त्यांनी चारही प्लग काढले, इंजिनातले, गिअरबॉक्समधले आणि मागच्या डिफरन्शियलमधले तेल सोडले. दुधाच्या चहासारखे पाणी बाहेर आले. सिलिंडरांत तेल घालून इंजिन हाताने फिरते ठेवले. मग गाडी टोचण करून पोलादपूरच्या आमच्या उंचावरच्या जुन्या घरी नेली. तिथे डायनॅमो, सेल्फ, पेट्रोलची टाकी असे एकेक उघडून कोरडे करायचे ठरले.

पण ठरणे आणि होणे यांत अंतर असते. दसरा आला आणि गेला. पौषात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, उजवा हात मात्र पडला. ज्या हाताने चाळीस वर्षे नाड्या पाहिल्या, त्या हाताला पेला धरवेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई त्यांच्या हातात रबरी चेंडू देत. अण्णा तो खाली ठेवीत आणि म्हणत, “मी काय लहान मूल आहे?”

पुराने घराचा खर्च वाढवला होता, दुखण्याने आणखी वाढवला. २०२२ च्या भाद्रपदात एक भंगारवाला आला. गाडी पाहून त्याने वजनावर भाव सांगितला. मी त्याला ‘दसऱ्यानंतर या’ असे सांगून ठेवले. अण्णांना यातले काही ठाऊक नाही, असा माझा समज होता.

मेस्त्रींची शाळा

मेस्त्रींनी गाडीचे काम सावकाश, पण पुरे केले होते. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यांचा निरोप आला. मी अण्णांना घेऊन पोलादपूरला गेलो. मनात म्हटले, बघू दे एकदा शेवटचे.

सवयीने मी आत बसलो, चोक ओढला आणि सेल्फ मारायला हात पुढे केला. मेस्त्री ओरडलेच.

“थांबा! पंधरा महिने उपाशी असलेल्या माणसाला उठवून एकदम पळायला लावाल का, सर?”

मग त्यांनी जे समजावले, ते मी विद्यार्थ्याच्या नम्रतेने ऐकले. आजवर आम्ही ‘बॅटरी गेली’ म्हणत होतो, पण बॅटरीचा मृत्यू हा रोगाचा शेवट होता, आरंभ नव्हे.

कार्बुरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते. इंजिनाला लागणारे पेट्रोल आधी या वाटीत येऊन थांबते. वाटीला हवेसाठी भोक असते, त्यामुळे गाडी उभी राहिली की काही आठवड्यांत वाटीतले पेट्रोल उडून जाते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातले हलके द्रव आधी उडतात आणि थंड इंजिन पेटवायला नेमके तेच लागतात. मागे उरतो चिकट थर. आता टाकी गाडीच्या मागच्या टोकाला आणि इंजिन पुढच्या. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनावरच चालतो. म्हणजे इंजिन फिरेल तेव्हा पंप हलेल, आणि पंप हलेल तेव्हा पेट्रोल येईल. वाटी कोरडी असताना सेल्फ मारणे म्हणजे विहिरीपासून घरापर्यंतचा रिकामा नळ भरण्यासाठी बॅटरीला जुंपणे.

सेल्फची मोटर शंभर अँपिअरच्या वर वीज खाते. ती खात असते तेव्हा बॅटरीचा दाब खाली येतो आणि प्लगची ठिणगी दुबळी होते. शेवटी पेट्रोल येऊन पोचते, त्या वेळी ते पेटवायला ठिणगीच उरलेली नसते! आमच्या दर दसऱ्याच्या ‘खर्रर्र, खर्र, टक्’चे रहस्य हे असे होते.

“मग करायचे काय?” मी विचारले.

मेस्त्रींनी बॉनेट उघडले आणि पेट्रोलपंपाच्या अंगाची एक बोटभर दांडी दाखवली. “ही कशाला दिलीय कंपनीनं? हातानं पेट्रोल चढवायला. पंचवीस-तीस वेळा दाबायची. आधी हलकी लागते, वाटी भरली की हाताला वेगळी लागते. मग सेल्फ.”

ही दांडी मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. अण्णांनी पाहिली होती, पण रोज चालणाऱ्या गाडीला तिची गरज पडली नव्हती. दांडी कधी कधी अगदीच सैल लागते, काही ओढत नाही. त्यावेळी इंजिन आतल्या आत अशा जागी थांबलेले असते की पंप आधीच पुरा दाबलेला असतो. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये घालून गाडी वीतभर पुढे ढकलायची, की दांडी कामाला लागते.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ कार्बुरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतीत. मेस्त्रींना ते मुळीच मान्य नव्हते. इंजिन उलटे फुरफुरले, तर ज्वाळा थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येते.

झोपवणे आणि उठवणे

त्या दिवशी मी वहीत टिपून घेतलेली पद्धत आता दर वर्षी पाळतो. आपल्या घरच्या जुन्या गाडीलाही ती चालेल. मात्र प्रत्येक गाडीला हातदांडी असतेच असे नाही, ते आपल्या मेस्त्रींना विचारून घ्यावे.

गाडी झोपवताना इंजिनाचे तेल आधी बदलावे, उठवल्यावर नव्हे; कारण जुन्या तेलातली आम्ले चार महिने आतले धातू खात बसतात. पत्र्याची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवा राहते आणि गंज धरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत. आमच्या मेस्त्रींनी नळीवर एक छोटी तोटी बसवली आहे. शेवटच्या दिवशी ती बंद करून इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालू ठेवायचे. वाटी कोरडी होते आणि चिकट थर बसत नाही. उपास करायचाच, तर निर्जळी!

बॅटरीची तार काढून ठेवावी किंवा बॅटरीच घरात आणून महिन्याला एकदा चार्ज करावी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ दाखवू लागली, तर ती जवळजवळ रिकामी समजावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. क्लचची प्लेटही दमटपणाने चिकटते, म्हणून आम्ही पेडल दाबून सीटला टेकवून एक काठी लावतो. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा आणि त्याची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल फीत बांधावी. वरून प्लॅस्टिक मात्र घालू नये; त्याच्या आत घाम धरतो. सुती चादर उत्तम.

आणखी एक गैरसमज. पुष्कळजण दर रविवारी उभ्या गाडीचे इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करतात. त्याने फायद्यापेक्षा तोटाच होतो. सेल्फने खाल्लेली वीज तेवढ्यात भरून येत नाही, आणि जळताना तयार झालेले पाणी इंजिनात आणि सायलेन्सरमध्येच राहते. चालवायची तर १५-२० किलोमीटर नीट चालवावी. नाहीतर झोपू द्यावी.

उठवताना आधी बोळा काढावा, तेल-पाणी पाहावे, पेट्रोलचा वास कुठे येतो का हुंगावे. वास आला, तर चावीला हात लावू नये. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण कोरड्या फडक्याने पुसावे. पॉइंटमधून कोरा जाड कागद ओढला की वरची बुरशी निघते. गाडी वर्षाहून अधिक उभी असेल, तर प्लग काढून सिलिंडरांत थेंब थेंब तेल सोडावे. कॉइलची तार काढून दोन-तीनदा थोडा थोडा सेल्फ मारावा, म्हणजे आत तेल फिरते. मग तार लावून दांडीने पेट्रोल चढवावे, चोक ओढावा आणि सेल्फ पाच सेकंदच मारावा. नाही झाली, तर अर्धा मिनिट थांबावे. तीन वेळांत चालू झाली नाही, तर चौथ्यांदा मारू नये; बॉनेट उघडून पेट्रोल येत नाही की ठिणगी, ते पाहावे. आणि हे सारे दार उघडे ठेवून. बंद खोलीत इंजिनाचा धूर जीव घेतो.

हल्ली पेट्रोलच्या नळीवर विजेचा छोटा पंपही बसवतात. बटण दाबले की तो वाटी आपोआप भरतो. ज्यांना वाकता येत नाही, त्यांची त्याने सोय होते. मेस्त्रींनी तो सुचवला तेव्हा अण्णा म्हणाले, “नको.” का नको, ते पुढे आले आहे.

पंचवीस वेळा

तर त्या दिवशी पोलादपूरला मेस्त्री दांडीकडे हात नेणार, एवढ्यात अण्णा खुर्चीतून उठले. डाव्या हातात काठी होती. मडगार्डाला टेकून ते उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात, तो पडलेला हात, डाव्याने उचलून दांडीवर ठेवला.

मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही बसा. मी करतो.”

“तू मराठी शिकव,” अण्णा म्हणाले.

मेस्त्रींनी मला डोळ्यांनीच गप्प केले. “सावकाश, डॉक्टरसाहेब. घाई नाही.”

एक. बराच वेळ गेला. दोन. बोटे दांडीवरून घसरली. त्यांनी ती पुन्हा ठेवली. सातव्या-आठव्या वेळी कपाळावर घाम आला. बाराला ते थांबले, आम्हाला वाटले संपले. पण पुन्हा सुरुवात झाली. जो माणूस रबरी चेंडू दहा वेळा दाबायला तयार नव्हता, तो पेट्रोलपंपाची दांडी मोजून दाबत होता. बाविसाव्या वेळी त्यांचा चेहरा बदलला.

“भरली,” ते म्हणाले.

“कशावरून?” मी विचारले.

“हाताला कळलं.”

मेस्त्री आणि मी एकमेकांकडे पाहिले. आठ महिन्यांत त्या हाताला काही कळल्याचे अण्णांनी प्रथमच सांगितले होते.

मी चोक ओढून सेल्फ मारला. पाच सेकंद, काही नाही. अर्धा मिनिट थांबलो. तो अर्धा मिनिट मला परीक्षेच्या निकालाएवढा लांब वाटला. दुसऱ्या वेळी गाडी एकदा शिंकली, थरथरली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. अण्णा मडगार्डावर तसाच हात ठेवून उभे होते. इंजिनाच्या थरथरण्याने त्यांची बोटे हलत होती आणि ती हलताना ते पाहत होते.

५ ऑक्टोबर २०२२ ला दसरा होता. त्या सकाळी गाडी पोलादपूरहून महाडला आणली. इंजिन नीट तापायला आणि बॅटरी सावरायला १५-२० किलोमीटर हवेत; हे अंतर जणू त्यासाठीच आखलेले! अण्णा शेजारी बसले होते. घर जवळ आले तेव्हा ते समोर पाहत म्हणाले, “त्या भंगारवाल्याला नाही म्हणून कळव.”

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेही.

पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. पण तशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणून आम्ही साधीच नोंदणी ठेवली आहे. अण्णांना ती प्रदर्शनात नको आहे, पंधरा दिवसांतून एकदा पोलादपूरपर्यंत जाऊन यायला हवी आहे.

आता पावसाळ्यात गाडी पोलादपूरच्या उंच घरीच झोपते. दसऱ्याला आम्ही सारे तिथे जातो. मंडळी अजूनही जमतात, पण धक्का द्यायला कोणी अस्तन्या सावरीत नाही. अण्णांचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. सही थोडी वाकडी येते, पेला मात्र धरता येतो. व्यायामाच्या बाईंनी चेंडूचा आग्रह केव्हाच सोडला. विजेच्या पंपाची गोष्टही पुन्हा कोणी काढत नाही. यंदा नातीने विचारले, “आजोबा, मी दाबू का दांडी?” अण्णांनी तिला शेवटच्या पाच दिल्या. पहिल्या वीस त्यांनी स्वतःकडेच ठेवल्या.